शिफारस करताना आवृत्तीही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘या आठवड्यात ओटीटीवर काय पाहाल’ ही यादी आता जवळजवळ प्रत्येक पुरवणीत असते आणि तिचा साचाही ठरून गेला आहे. नाव, कोणत्या ॲपवर आहे ते, दोन ओळींत कथानक आणि शेवटी ‘चुकवू नये असा अनुभव’. निवडीबद्दल तक्रार नाही, ती बहुधा चांगलीच असते. पण शिफारस अर्धवट राहते. ओटीटीवर एकाच नावाखाली वेगवेगळ्या लांबीच्या, वेगळ्या चौकटीच्या आणि वेगळ्या आवाजातल्या गोष्टी सापडतात. समीक्षकाने पाहिलेली असते एक, वाचक लावून बसतो दुसरीच आणि अर्ध्या तासात ‘एवढे काय आहे यात?’ म्हणत बंद करतो. म्हणून सदर लिहिणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठीही काही नेमक्या गोष्टी.

सगळ्यात आधी आवृत्ती. ‘ब्लेड रनर’ची १९८२ ची चित्रगृहात लागलेली आवृत्ती आहे, १९९२ ची ‘डायरेक्टर्स कट’ आहे आणि २००७ ची ‘फायनल कट’ही. पहिलीत नायकाच्या आवाजातले निवेदन आहे आणि शेवट गोड केलेला आहे. नंतरच्या दोन्हींतून या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. ज्या संदिग्धतेसाठी चित्रपटाचे नाव होते, ती पहिल्या आवृत्तीत फारशी उरतच नाही. तेव्हा ‘ब्लेड रनर पाहा’ हे वाक्य २००७ लिहिल्याशिवाय पुरे होत नाही. ‘अपोकॅलिप्स नाउ’ १९७९ मध्ये सुमारे अडीच तासांचा होता, २००१ ची ‘रीडक्स’ ३ तास २० मिनिटांच्या घरात गेली आणि २०१९ ची ‘फायनल कट’ साधारण तीन तासांवर आली. पहिल्यांदा पाहणाऱ्याने १९७९ चीच घ्यावी. पुढे जोडलेला फ्रेंच मळ्यातला प्रसंग स्वतंत्रपणे चांगला आहे, पण नदीवरच्या प्रवासाची चढत गेलेली तार तो सैल करतो.

‘दास बूट’मध्ये तर गोंधळाची कमाल आहे. १९८१ ची मूळ आवृत्ती १४९ मिनिटांची, १९९७ ची दिग्दर्शकाची आवृत्ती जवळपास साडेतीन तासांची आणि टीव्हीसाठीची सुमारे पाच तासांची. त्यात २०१८ पासून याच नावाची एक नवी मालिका आहे, तिची कथाच वेगळी. ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही १९७३ ची सहा भागांची स्वीडिश मालिका आहे, तिचीच कापून केलेली चित्रपट-आवृत्ती आहे आणि २०२१ ची पाच भागांची अमेरिकी मालिकाही आहे. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ १८८ मिनिटांचाही मिळतो आणि ३१२ मिनिटांचाही. मुळात टीव्हीसाठी योजलेली लांब आवृत्ती हीच खरी. वेळ नसेल तर लहान पाहण्यापेक्षा लांब आवृत्तीच चार-पाच रात्रींत वाटून पाहावी.

आपल्या हाती कोणती आवृत्ती आली हे ओळखायचे कसे? ॲप बहुतेक वेळा सांगत नाही. मिनिटे मात्र दाखवते, आणि तीच खूण. इथे एक मेख आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे स्थिरचित्रांनी, चित्रित होतो. युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागत, म्हणून तिकडच्या प्रती चित्रपट किंचित पळवून बनवल्या गेल्या आणि त्यांतल्या काही आजही फिरत आहेत. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांचा दिसतो. काहीही कापलेले नसते, फक्त हालचाल चार टक्क्यांनी वेगवान होते आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर अर्ध्या स्वराहून थोडे कमी इतका चढतो. तेव्हा मूळ मिनिटांना ०.९६ ने गुणावे. उत्तर जुळले तर प्रत पळवलेली आहे. त्याहूनही बरीच कमी भरली तर कात्री लागली आहे.

मूकपटांच्या बाबतीत लांबीवरची नजर अजिबात हटवू नये. १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ अनेक दशके तुकड्यांतच पाहिला गेला. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये १६ मिमीची एक बरीच पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये सुमारे अडीच तासांची आवृत्ती तयार झाली. त्या प्रतीतले प्रसंग ओरखड्यांनी भरलेले आहेत आणि त्यांची चौकट थोडी लहान आहे. स्वच्छ चित्र चालू असताना मध्येच असे खराब चित्र आले की प्रेक्षकाला वाटते, प्रतच वाईट लागली. उलट तीच योग्य आवृत्ती लागल्याची खूण आहे. फुकट वाहिन्यांवरची दीड तासाची चकचकीत ‘मेट्रोपोलिस’ सोडून द्यावी.

मालिकांची शिफारस पर्वांत मोजणे थांबवावे, तासांत मोजावी. ‘चेर्नोबिल’ (२०१९) पाच भागांची, एकूण साडेपाच तासांच्या आसपास, शनिवार-रविवारात संपते. ‘द वायर’ पाच पर्वे, ६० भाग, म्हणजे साठेक तास. या दोन शिफारशी एकाखाली एक छापल्या की वाचकाला त्या सारख्याच वजनाच्या वाटतात. ‘द वायर’बद्दल आणखी एक वाक्य हवे: चार भाग होईपर्यंत मत बनवू नये, कारण पहिल्या दोनांत कोण कोणाचा माणूस हेच कळत नाही आणि ते तसेच योजलेले आहे. कोणता भाग किती महत्त्वाचा हे सांगतानाही सावध राहावे. ‘मनी हाइस्ट’ २०१७ मध्ये स्पेनच्या अँतेना ३ वाहिनीवर लागली तेव्हा सुमारे ७० मिनिटांच्या १५ भागांची होती. नेटफ्लिक्सने त्याच चित्रीकरणाचे लहान लहान २२ भाग केले. परदेशी परीक्षणात वाचलेला ‘नववा भाग’ आपल्या पडद्यावरचा नववा भाग असेलच असे नाही. ‘डेकालॉग’ची गोष्ट वेगळी. तिचे दहा भाग स्वतंत्र आहेत, कुठूनही सुरू करता येतात. पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मोठ्या चित्रपट-आवृत्त्याही आहेत, त्या मिळाल्या तर त्या भागांऐवजी त्याच पाहाव्यात.

आता चौकट, म्हणजे चित्राचा आकार. जुन्या मालिका ४:३ या जवळपास चौकोनी आकारात आहेत, आजचा टीव्ही १६:९. पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापले तर उंचीचा पाव भाग जातो. २.३९:१ चा रुंद चित्रपट १६:९ मध्ये बसवला तर रुंदीचा पाव भाग जातो, आणि दोन पात्रे चौकटीच्या दोन टोकांना उभी असतील तर बोलणारा तेवढा दिसतो, ऐकणारा बाहेर राहतो. ‘द सिम्पसन्स’ची जुनी पर्वे नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आली ती अशीच कापलेली होती. चौकटीच्या कडेला दडवलेले दृश्यविनोदच त्यात उडाले. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर मे २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला. ‘द वायर’ही मुळात ४:३ मध्ये होती, २०१४ मध्ये ती रुंद पडद्यासाठी नव्याने तयार केली गेली. वाचकाला एवढेच सांगायचे की काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या दिसू द्याव्यात. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या पर्यायात ‘झूम’ असेल तर काढून ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडावे.

आवाज आणि सबटायटल्स यांबद्दल सदरांत एक अक्षरही नसते, आणि निम्म्या शिफारशी इथेच वाया जातात. ॲप आपल्या प्रोफाइलच्या भाषेवरून आवाज स्वतःच ठरवते. कोरियन मालिका लावली की ती सरळ इंग्रजीत किंवा हिंदीत बोलू लागते आणि ‘अभिनय कृत्रिम वाटला’ असा अभिप्राय तयार होतो. सुरुवातीलाच ‘ऑडिओ व सबटायटल्स’ उघडून मूळ भाषा निवडावी. पुढची अडचण अधिक बारीक आहे. इंग्रजी सबटायटल्सचे बऱ्याचदा दोन पर्याय असतात, एक साधे आणि एक ‘सीसी’. सीसी हे ऐकू न येणाऱ्यांसाठी असतात. त्यांत दार वाजल्याची, संगीत चढल्याची नोंद असते. पण परभाषी मालिकेत ते अनेकदा डब केलेल्या संवादांवरून लिहिलेले असतात, आणि डबिंगचे संवाद ओठांच्या हालचालीला जुळवण्यासाठी बदललेले असतात. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’वरून जो वाद झाला तो याच मुद्द्यावर. मूळ कोरियन आवाज लावून खाली डबिंगची संहिता वाचत बसायचे, हे कशाला? मूळ आवाजाबरोबर साधे ‘इंग्लिश’ निवडावे. वाचलेले वाक्य आणि पात्राने बोललेल्या वाक्याची लांबी सतत विसंगत वाटू लागली की समजावे, पर्याय चुकला आहे.

एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या चित्रपटांत डबिंगने होणारे नुकसान भरून न येणारे आहे. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी चारही आहेत, न्यायालयात कोण कोणत्या भाषेत बोलतो यातच चित्रपटाचे अर्धे म्हणणे आहे. ‘रोमा’त (२०१८) घरमालक स्पॅनिश बोलतात, कामवाल्या मुली आपसांत मिश्टेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलतात आणि इंग्रजी सबटायटल्स मिश्टेक संवाद कंसात टाकून तो फरक दाखवतात. असे चित्रपट सुचवताना ‘मूळ आवाजातच’ हे दोन शब्द छापायला हवेत. सबटायटल्स पूर्ण बंद ठेवणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो: मधले परभाषी संवादही त्यांना विनाअर्थ ऐकावे लागतात. अशा वेळी ‘फोर्स्ड’ नावाचा पर्याय दिसला तर तो घ्यावा. त्यात फक्त परभाषी संवादांचीच ओळ येते.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कान फोडणारे, ही तक्रार सार्वत्रिक आहे. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीच्या ध्वनीत, संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर ते इतर आवाजांत मिसळून खाली जातात. ऑडिओच्या यादीत ‘५.१’ लिहिलेला पर्याय सोडून साधा स्टिरिओ निवडला की बराच फरक पडतो. चित्रपट ‘टीव्ही मालिकेसारखा’ गुळगुळीत दिसत असेल तर दोष टीव्हीचा आहे: तो मूळ २४ स्थिरचित्रांच्या मधे स्वतःची चित्रे तयार करून भरतो. एलजीत त्याचे नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. ते बंद करावे, किंवा २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ टीव्हीत असेल तर तो लावावा. क्रिकेटला मात्र ते चालू राहिले तरी हरकत नाही.

‘टॉप १०’वरून यादी बनवण्याबद्दल थोडक्यात. २०१९ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत नेटफ्लिक्स दोन मिनिटे पाहिले तरी ‘पाहिले’ असे मोजत होते. मग एकूण तास मोजू लागले, त्यात लांबलचक मालिकांचे फावले. जून २०२३ पासून एकूण तासांना कलाकृतीच्या लांबीने भागतात. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘विक्रम मोडला’ म्हणणे व्यर्थ आहे. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ समीक्षकांनी ‘बरा आहे’ किंवा त्याहून चांगले म्हटले, इतकेच. सगळ्यांना जेमतेम आवडलेला चित्रपटही तिथे शंभरावर जातो.

माहितीपटांबाबत जरा थांबायला हवे, कारण ‘सत्य घटना’ म्हणून त्यांच्यावर पटकन विश्वास बसतो. शिफारशीत तीन गोष्टी असाव्यात. पहिली, तो कधीचा आहे आणि त्यानंतर काय घडले. ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) एका खुनाच्या खटल्यावर आहे. त्यातून साक्षी डळमळीत झाल्या आणि पुढच्याच वर्षी शिक्षा भोगणारा माणूस सुटला. हे पडद्यावर कळत नाही, कारण चित्रपट आधीचा. दुसरी गोष्ट, पुनर्निर्मित प्रसंग आहेत का. याच चित्रपटात एकच प्रसंग वेगवेगळ्या साक्षींप्रमाणे पुन्हा पुन्हा वेगळा दाखवला आहे. ती ‘खरी दृश्ये’ समजणाऱ्याचा गोंधळ उडतो, साक्षींमधली तफावत शोधत पाहणाऱ्याला चित्रपट उलगडतो. शेफ अँथनी बोर्डेन यांच्यावरच्या २०२१ च्या ‘रोडरनर’मध्ये तर त्या दिवंगत नायकाच्या आवाजातली काही वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती. तिसरी, निर्मितीत कोणाचा हात आहे. ‘द लास्ट डान्स’ (२०२०) ही बास्केटबॉलवरची दहा भागांची मालिका रंगतदार आहे, जरूर पाहावी. पण मायकेल जॉर्डनच्या स्वतःच्या कंपनीचा निर्मितीत सहभाग होता हे माहीत असले की कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जात नाही याकडे लक्ष जाते. निसर्गपटांत निवेदक बदलतो. २००६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’चे बीबीसीचे निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे आहे, अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीचे सिगुर्नी वीव्हर यांचे. ॲटनबरोंसाठी शिफारस करायची तर तसे लिहावे.

लांब माहितीपट कसा पाहायचा हेही सांगायला हवे. ज्यूंच्या हत्याकांडावरचा ‘शोआ’ (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात जुन्या चित्रफितीचा एकही तुकडा नाही, आहेत ते माणसांचे बोलणे आणि आजच्या जागा. तो मुळातच दोन खंडांत आहे; तिथेच तोडावा, मधे कुठेही नाही. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे हा एकच चित्रपट सत्तावीस-अठ्ठावीस जीबी खाऊ शकतो. मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने साध्या दर्जात, तासाला सुमारे १ जीबीत पाहावा. मुलाखतीच मुलाखती असल्याने फार बिघडत नाही. ‘अप’ मालिकेत १९६४ पासून दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींना भेटत २०१९ पर्यंत नऊ चित्रपट झाले. ते सलग पाहू नयेत. प्रत्येक चित्रपटात आधीच्यांतले तुकडे पुन्हा येतात, त्यामुळे तिसऱ्यानंतर कंटाळा हमखास. पहिला चाळीसेक मिनिटांचा आहे, तो पाहावा, मग थेट चौथा, ‘२८ अप’, आणि पुढचे महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने.

शेवटचा मुद्दा सापडण्याचा. ॲपवरचे चित्र प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या आवडीनुसार वेगळे दाखवले जाते, म्हणून पुरवणीत छापलेले पोस्टर वाचकाला पडद्यावर दिसेलच असे नाही. मूळ भाषेतले नाव आणि वर्ष छापावे. ‘मनी हाइस्ट’बरोबर ‘ला कासा दे पापेल’ही. हक्क देशागणिक वेगळे असतात आणि महिना बदलताना बरेच काही उडते. छपाईच्या आदल्या दिवशी, कोणता चित्रपट कुठे मिळतो हे सांगणाऱ्या जस्टवॉच या संकेतस्थळावर आपला देश निवडून तपासले तर वर्गणीत, भाड्याने, विकत की जाहिरातींसह फुकट हे वेगवेगळे कळते. भाड्याने घेतलेला चित्रपट साधारणपणे ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो. डाउनलोड केलेल्या अनेक गोष्टींनाही पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांचीच मुदत असते. प्रवासासाठी घेतलेली मालिका घरीच पाच मिनिटे लावून पाहिली की घड्याळ सुरू झाले.

हे सगळे छापायला जागा कुठे, असे म्हणाल. नमुना देतो:

‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२), माहितीपट. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये हत्या करणारेच आपली कृत्ये अभिनय करून दाखवतात. दोन आवृत्त्या आहेत, सुमारे दोन तासांची आणि १५९ मिनिटांची. लांब पाहावी, मुख्य माणसात होणारा बदल तिच्यातच पटतो. मूळ आवाज, साधी सबटायटल्स. रक्त थोडे, अस्वस्थता फार, मुलांसोबत नको. कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत: छपाईआधी तपासून.

आताच्या साच्यातल्या कथानकाच्या दोन ओळी आणि ‘चुकवू नये’ काढले की जवळजवळ एवढी जागा निघते. कथानक ॲपवर लिहिलेले असतेच.

आपला नम्र,
एक वाचक